अस्सल ड्रायव्हर, उत्तेजनार्थ

आमच्या सासऱ्यांना गाड्यांची आवड नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जो तो हेच धरून चालला की ज्याने आयुष्यभर गाडी चालवली त्याचा गाडीवर जीव असणारच. बाबांचा जीव कशावर असेल तर तो दुपारच्या झोपेवर. गाडी ही त्यांची नोकरी होती.

साबणाच्या कारखान्याच्या मालकांकडे ते ड्रायव्हर म्हणून लागले तेव्हा त्यांना नीट मिशा फुटल्या नव्हत्या, आणि सुटले तेव्हा त्या पांढऱ्या झाल्या होत्या. मालकांकडे दोन गाड्या. एक धाकटी, रोजच्या कामाची, गरीब गाईसारखी. दुसरी थोरली. ती बोटीतून आली होती. लांबलचक नाक, बेडकाच्या डोळ्यांसारखे दोन दिवे, फुगीर मडगार्ड आणि आत लाल कातडी गाद्या. दिसायला राणी आणि वागायला थोरली जाऊ. चढावर तापायची, उतारावर थांबायची नाही आणि गारठा पडला की रुसून बसायची. पाहुण्यांवर छाप पाडायची असली की मालक तिला बाहेर काढत, आणि पाहुणे बहुधा धाकटीतून परत येत. बाबांचा आणि थोरलीचा संबंध मुख्यतः पुसण्यापुरता.

मालक वारले, मुलांनी वाटण्या केल्या, कारखान्याच्या जागी मोठमोठ्या इमारती उठल्या. धाकटी भंगारात गेली. थोरली कुठे गेली याची चौकशी बाबांनी केली नाही.

मी दातांच्या दवाखान्यात बसते. पेशंटची नावं घेणं, त्यांना धीर देणं आणि डॉक्टरांनी बनवलेल्या कवळ्या ज्याच्या त्याच्या डबीत आहेत ना हे बघणं, ही माझी कामं. बाबांची दाढ दुखायला लागली तेव्हा मीच त्यांना घेऊन गेले. ते खुर्चीत आडवे झाले, तोंडात कापूस, समोरच्या भिंतीवर डॉक्टरांनी नुकत्याच विकत घेतलेल्या जुन्या गाडीचा मोठा फोटो. बाबा अचानक हातवारे करायला लागले. घशातून आवाज काढायला लागले. डॉक्टरांना वाटलं दुखतंय, त्यांनी आणखी एक इंजेक्शन दिलं. बाबांनी जास्तच हातवारे केले. तिसरं इंजेक्शन भरून होईपर्यंत मी कापूस काढला.

"ती थोरली आहे," बाबा अर्ध्या बधिर तोंडाने म्हणाले. "माझी."

डॉक्टरांनी दाढेचे पैसे घेतले नाहीत. जुन्या गाड्यांच्या शौकीन लोकांचा एक क्लब होता, आणि दर रविवारी शहराबाहेरच्या मैदानावर तो जमायचा. सहा-सात गाड्या. त्यातल्या निम्म्या ढकलत आणलेल्या. सगळी मंडळी बॉनेटमध्ये डोकी घालून उभी, त्यामुळे नव्या माणसाला कुणाचा चेहराच दिसायचा नाही. तिथे डॉक्टर बाबांना घेऊन गेले. पांढरा कोट शिवून घेतला, चकचकीत टोपी आणली आणि त्यांना थोरलीशेजारी उभं केलं. इतरांकडे गाडीची कागदपत्रं होती, डॉक्टरांकडे गाडीचा ड्रायव्हर होता.

पहिल्या रविवारी लोकांनी विचारलं, कशी होती हो ही गाडी तेव्हा? बाबा म्हणाले, फार तापायची. डॉक्टरांचा चेहरा उतरला. मग कुणीतरी मागच्या डाव्या मडगार्डवरच्या पोच्याबद्दल विचारलं. बाबांनी तोंड उघडलं, भोवती जमलेल्या माणसांकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं, आणि सांगितलं की रस्त्यात एक लहान मूल आडवं आलं होतं. मालकांनी क्षणात गाडी वळवली, ती खांबाला घासली, मूल वाचलं. ऐकणाऱ्यांनी एकदम श्वास सोडला. एक बाई तर पोच्यावरून हात फिरवून गेल्या.

पुढच्या रविवारी ती जुळी मुलं झाली. दोनेक महिन्यांत जुळी मोठी झाली, शिकली, आणि त्यातलं एक परदेशात हृदयाच्या शस्त्रक्रिया करायला लागलं. लोक हरभऱ्याच्या झाडावर चढवत होते आणि बाबा शेंडा गाठत होते. घरी सासूबाई विचारायच्या, "आज काय झालं त्या पोरांचं?" बाबा कोट खुंटीला लावायचे. पण सोमवारपासून त्यांची नजर त्या कोटाकडे असायची, हे मी पाहिलं आहे.

असं सुरळीत चाललं होतं. मग थोरलीचं पुढचं एक मडगार्ड गंजून गळून पडलं.

तसलं मडगार्ड जगात कुठे मिळेना. कुणीतरी सुचवलं की फायबरचं करून घ्या. शहराच्या टोकाला एक कारखानदार होते, पाण्याच्या टाक्या आणि बागेतल्या घसरगुंड्या बनवायचे. त्यांना सगळे टाकीवालेच म्हणायचे. गोल, हसतमुख, कुणालाही नाही न म्हणणारा माणूस. डॉक्टर त्यांच्याकडे थोरली ठेवून आले. टाकीवाल्यांनी मडगार्ड सुरेख बनवून दिलं. गाडी मात्र बरेच दिवस त्यांच्याकडे राहिली, आणि गाडी दारात आहेच तर म्हणून त्यांनी फक्त मडगार्डचा साचा न घेता सगळ्या गाडीचाच घेऊन ठेवला.

साचा घेतला की दातांबरोबर कीडही त्यात उतरते, हे डॉक्टरांना कुणी सांगायला नको होतं. ते दिवसभर तेच करतात. तरी वसंतातल्या एका रविवारी मैदानावर हुबेहूब थोरली येऊन उभी राहिली तेव्हा त्यांचा त्यावर विश्वासच बसेना. तेच नाक, तेच डोळे, तीच लाल गादी. आत नव्या गाडीचं इंजिन, थंडगार हवा, एका बोटाने फिरणारं स्टिअरिंग. आणि मागच्या डाव्या मडगार्डवर तोच पोचा. सहा महिन्यांत अशा चौदा थोरल्या झाल्या. चौदा पोचे. प्रत्येक मालक येईल त्याला तो पोचा दाखवून जुळ्या मुलांची गोष्ट सांगायचा.

क्लबमध्ये जी जुंपली ती काय सांगावी. डॉक्टर तेव्हा अध्यक्ष होते. त्यांनी ठराव केला की अस्सल गाड्या झाडाखाली उभ्या राहतील आणि नकला उन्हात. पण नकलांना आत थंड हवा होती, घामाघूम झाली ती झाडाखाली बॉनेट उघडून उभी असलेली मंडळी. मग अस्सल गाड्यांना काचेवर लावायला गोल बिल्ले छापले. पुढच्या रविवारी तसे बिल्ले सगळ्यांकडे होते, आणि खरं सांगायचं तर टाकीवाल्यांचे जास्त नीट चिकटले होते. शेवटी एका जाणत्याने कसोटी काढली. खरी जुनी गाडी जिथे उभी राहते तिथे तेलाचा डाग पाडते. मोठी शास्त्रशुद्ध कसोटी म्हणून ती टाळ्यांच्या गजरात मंजूर झाली. त्यानंतर नकलेचे मालक खिशात तेलाची छोटी बाटली घेऊन यायला लागले. गाडी लावायची, बुटाची नाडी बांधायला वाकायचं आणि दोन थेंब सोडायचे.

रोज संध्याकाळी डॉक्टर दवाखान्यात माझ्यासमोर नकलेच्या नावाने बोटं मोडायचे. जे नाही ते असल्याचं भासवणं ही फसवणूक आहे, म्हणायचे. हे म्हणताना त्यांच्या हातात कुणाची तरी कवळी असायची. मी मूग गिळून बसायचे, आणि घरी आल्यावर सासूबाईंना सांगायचे. त्या म्हणायच्या, "त्यांना म्हणावं, ती कवळी आधी उन्हात ठेवा."

हळूहळू खऱ्या गाड्यांचे मालक यायचे बंद झाले. कुणी ओळखणारच नसेल तर आणायची कशाला? ओरखडा उठला तर भरून कोण देणार? त्यांनी गाड्यांवर खोळी घातल्या, बॅटऱ्या काढल्या, गॅरेजला कुलपं लावली. पूर्वी एका काचेच्या बटणासाठी चार गावं पालथी घालणारी माणसं आता घरी बसून गाडीच्या चाव्या पुसू लागली. लग्नाचे फोटो काढणारे मैदानावर आले की झाडाखाली उरलेल्या एखाद्या खऱ्या गाडीला बाजूला व्हायला सांगायचे, फोटोत ती जुनाट दिसते म्हणून.

एका सकाळी टाकीवाले आमच्या घरी आले. आमची बैठकीची खोली म्हणजे एक पलंग, दोन खुर्च्या आणि शिवणयंत्र. ते शिवणयंत्राच्या स्टुलावर बसले, सासूबाईंच्या हातचा चहा प्यायले, आणि बाबांना नम्रपणे म्हणाले की एकदा आमची गाडी चालवून बघा, नाही आवडली तर शिव्या द्या.

बाबा नाही म्हणायलाच खाली उतरले होते. मी खिडकीतून बघत होते. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येतो म्हणाले आणि जेवणाची वेळ उलटून गेल्यावर परतले. त्यांच्या तोंडावर असा काही भाव होता जो मी त्यांच्या नातवाच्या बारशालाही पाहिला नव्हता.

"अगं, ही ऐकते," ते सासूबाईंना म्हणाले. "थांब म्हटलं की थांबते."

पुढच्या रविवारी बाबा पांढरा कोट घालून नकलेशेजारी उभे राहिले. सोमवारी दवाखान्यात डॉक्टर माझ्याशी फक्त पेशंटच्या नावांपुरतं बोलले. मंगळवारी त्यांनी विश्वासघात हा शब्द वापरला, पण एका पेशंटच्या हिरडीत सुई असताना वापरला, त्यामुळे तो कुणाला उद्देशून होता ते पेशंटलाही कळलं नाही. मी बाबांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, डॉक्टरांच्या गाडीत बसलं की माझी कंबर धरते.

गाडी नकली पण ड्रायव्हर अस्सल, या गोष्टीचा मैदानावर फार बोभाटा झाला. आता प्रत्येक नकलेच्या मालकाला ड्रायव्हर हवा झाला, म्हातारा, मिशीवाला, जुन्या आठवणी असलेला. असे ड्रायव्हर शहरात फारसे उरले नव्हते, म्हणून जे होते त्यांच्यावर भागवलं गेलं. एक निवृत्त पोस्टमन आले. एक बँडमध्ये तुतारी वाजवणारे आले. एकांना तर गाडी चालवताच येत नव्हती, पण त्यांना नुसतं टोपी काखेत धरून उभं राहायचं होतं आणि ते फार रुबाबात उभे राहायचे.

यातले सगळ्यात पोचलेले म्हणजे नाटकवाले. त्यांनी आयुष्यभर रंगमंचावर निष्ठावंत नोकराची कामं केली होती. पहिल्या अंकात पाणी आणून द्यायचं, तिसऱ्या अंकात रडायचं. भूमिकेचा अभ्यास करायचा म्हणून ते आमच्याकडे येऊ लागले. टोपी गुडघ्यावर कशी ठेवायची, दार उघडताना नजर कुठे ठेवायची, मालक मागे बसले की आरशात कसं बघायचं नाही, सगळं बाबांनी त्यांना हौसेने शिकवलं. जुळ्या मुलांची गोष्ट तर तीनदा सांगितली. सासूबाई स्वयंपाकघरातून मला म्हणाल्या, "हा माणूस चहा प्यायला येत नाही, यांना प्यायला येतो." पण त्यांचं ऐकतं कोण?

मग क्लबने जाहीर केलं की वार्षिक मेळाव्यात अस्सल जुन्या ड्रायव्हरची स्पर्धा होईल. बाबांनी ही बातमी ऐकून जी मान डोलावली ती निकाल लागल्यासारखी होती. डॉक्टरही विरघळले. त्यांनी मला निरोप दिला की झालं गेलं विसरू, स्पर्धेला बाबांनी थोरलीतूनच यावं. अस्सल गाडी आणि अस्सल ड्रायव्हर म्हणजे दुधात साखर.

स्पर्धेच्या दिवशी डॉक्टर थोरली घेऊन दारात आले. बाबा स्टिअरिंगशी बसले, डॉक्टर त्यांच्या शेजारी, मी आणि सासूबाई मागे लाल गादीवर. नाक्याच्या वळणावर बाबांनी जुन्या सवयीने बऱ्याच आधी ब्रेक दाबला, कारण थोरलीला विनंती पोचायला वेळ लागायचा. गाडी जागच्या जागी थांबली. डॉक्टरांचं कपाळ काचेवर आपटलं.

बाबांनी गाडी कडेला घेतली.

"डॉक्टर," बाबा म्हणाले, "ही थोरली नाही."

डॉक्टर कपाळ चोळत बसले. मग हळूच म्हणाले, "खरी घरी आहे. तिला बाहेर काढायची म्हणजे जिवाला घोर. हिच्यातून कुठेही जाता येतं."

"टाकीवाल्यांकडची?"

"पंधरावी," डॉक्टर म्हणाले. "कुणाला बोलू नका."

"मग मला कशाला आणलंत?"

"तुम्ही तर खरे आहात ना," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांना ते अगदी मनापासून वाटत होतं.

बाबांनी गाडी सुरू केली. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला होता, पण त्यांचे खांदे हलत होते.

मैदानावर मांडव, खुर्च्या, तीन परीक्षक. स्पर्धक बारा. नाटकवाल्यांचा नंबर बाबांच्या आधी लागला. ते मंचावर आले, टोपी काढली, छातीशी धरली आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. नंतर त्यांनी ती जुळी मुलं रस्त्यात आणली. मालकांऐवजी ड्रायव्हरने गाडी वळवली. खांब आला. त्यांचा आवाज फाटला, त्यांनी तो सावरला, पुन्हा फाटू दिला. परदेशातला तो हृदयाचा सर्जन जेव्हा म्हाताऱ्या ड्रायव्हरला वाकून नमस्कार करतो तेव्हा पुढच्या रांगेत रुमाल निघाले. माझेही डोळे भरून आले, आणि ती पोरं कुठे जन्मली हे मला पक्कं माहीत होतं.

बाबांचं नाव पुकारलं गेलं. ते मंचावर गेले तेव्हा त्यांच्याकडे सांगायला काही उरलंच नव्हतं. एका परीक्षकांनी पोच्याबद्दल विचारलं. बाबांनी टोपी डोक्यावरच ठेवली.

"पोचा मालकांनी पाडला," ते म्हणाले. "मागे घेताना फाटकाच्या खांबावर घातली. मूल वगैरे कुणी नव्हतं. मीच एकटा होतो आणि मी बाजूला उभा होतो. मालक उतरले, खांबाला शिवी दिली आणि आत गेले."

दुसऱ्या परीक्षक रेडिओवर बोलणाऱ्या बाई होत्या, त्यांनी गोड आवाजात विचारलं की इतकी वर्षं या गाडीच्या सहवासात काढताना मनात नेमक्या काय भावना असायच्या?

बाबांनी विचार केला. "घरी जायला उशीर व्हायचा," ते म्हणाले.

पहिला नंबर नाटकवाल्यांना मिळाला. दुसरा तुतारीवाल्यांना. बाबांना उत्तेजनार्थ म्हणून एक थर्मास मिळाला, आणि परीक्षकांनी सर्वांदेखत प्रेमाने सल्ला दिला की प्रयत्न प्रामाणिक होता, परंतु भूमिकेत शिरायला अजून वाव आहे.

घरी आल्यावर बाबा कोट न काढता पलंगावर बसून राहिले. रागावले नव्हते, खट्टू झाले होते. नाटकवाल्यांनी गोष्ट चोरली याचं त्यांना फारसं वाटत नव्हतं. ती त्यांनीही कुठे कमावली होती? दुसरंच काहीतरी सलत होतं. बऱ्याच वेळाने त्यांनी सासूबाईंना विचारलं, "मी ड्रायव्हर वाटत नाही का गं?"

सासूबाई ताटं घेत होत्या. "वाटायला कशाला हवं? तुम्ही होतात," त्या म्हणाल्या. "हात धुऊन या."

बाबांनी तो कोट नाटकवाल्यांना देऊन टाकला. त्यांना तो खांद्यात जरा बसतोही जास्त चांगला.

त्यानंतरची गंमत म्हणजे क्लबच ओस पडायला लागला. मैदानावर आता वीस-पंचवीस गाड्या येत, सगळ्या वेळेवर, सगळ्या झकास. पण बोलायचं काय? कुणाची बंद पडत नव्हती. कुणाला कुणाकडून पाना उसना हवा नव्हता. काही नादुरुस्तच नाही म्हटल्यावर त्या माणसांना एकमेकांचे चेहरे पाहावे लागले, आणि ते त्यांना फार वेळ जमेना. तासाभरात जो तो थंड हवेत बसून घरी जायला लागला. डॉक्टर रविवारीसुद्धा दवाखाना उघडतात की काय अशी मला भीती वाटायला लागली.

एका रविवारी मात्र डॉक्टरांनी गॅरेजचं कुलूप काढलं. खरी थोरली बाहेर काढली. ती खरी आहे हे कुणाला कळणारच नव्हतं, तेव्हा धोका कसला, असा त्यांचा हिशोब. चालवायला बाबांना बोलावलं, कारण तिला चालवायचं धाडस डॉक्टरांना होत नव्हतं. बाबा कुरकुरत गेले, साध्या शर्टात.

तलावाच्या चढावर थोरली तापली. वाफ निघाली, आचका दिला आणि मेली. मागून क्लबच्या चार-पाच नकला येत होत्या. त्या थांबल्या. पहिल्यांदा कुणाच्या काही लक्षात येईना. मग कुणीतरी जवळ येऊन वास घेतला आणि म्हणाला, अरे, ही खरी आहे.

बाबांनी नंतर सांगितलं की लग्नघरात व्हावी तशी धावपळ झाली. लोकांनी बाह्या सरसावल्या. पाने निघाले, चिंध्या निघाल्या. एकाने पाण्यासाठी थेट तलाव गाठला. कार्ब्युरेटरवरून दोघांची अशी जुंपली की मधे पडावं लागलं, आणि भांडताना दोघेही हसत होते. टाकीवाले रस्त्यावर उताणे होऊन गाडीखाली शिरले आणि तिथूनच सूचना द्यायला लागले. डॉक्टर कोपरापर्यंत काळे झाले होते. ते सारखे एकच म्हणत होते, कुणी घाई करू नका.

बाबा मैलाच्या दगडावर बसून होते. आपली कुणाला गरज नाही हे पाहून त्यांनी टाकीवाल्यांकडे त्यांच्या गाडीची चावी मागितली. गाडीखालून एक काळा हात बाहेर आला, त्यात चावी होती.

आम्ही जेवायला बसतच होतो तेव्हा बाबा आले. पोटभर जेवले, थंड हवा कशी सुखाची असते ते आम्हाला सांगितलं आणि पलंगावर आडवे झाले. दिवेलागणीला डॉक्टरांचा फोन आला. थोरली अजून चढावरच होती. मी विचारलं, मदत हवी आहे का, कुणाला पाठवू का?

"अजिबात नको," डॉक्टर म्हणाले. मागे कुणीतरी हातोडा मागत होतं. "उद्या सकाळचे पेशंट तेवढे पुढे ढकल."